मागचा लाल दिवा

ट्रॅक्टर दिसला तेव्हा गाडीचा वेग ताशी एकशे दहा होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हाच आकडा सांगितला, घरीही हाच. त्या रस्त्यावर एवढ्या वेगाला परवानगी नाही, हेही सांगितलं. जमिनीवर आपटताना त्यातला किती वेग उरला होता, ते सांगता येणार नाही. काट्याकडे बघायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका तरुण बातमीदाराचा फोन आला. ज्या कामातून मी निवृत्त झालो तेच काम आता तो करतो: बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या बातम्या सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका मराठी वर्तमानपत्राला पाठवायच्या.

"सर, बरं वाटून राहिलं ना आता?"

"खांद्याजवळचं हाड मोडलंय. बाकी ठीक. बातमी वाच."

"कोणती बातमी, सर?"

"जी लिहून ठेवून तू फोन केलास ती."

तो हसला आणि वाचू लागला. इच्छापूर रस्त्यावर भरधाव दुचाकी घसरून वृद्ध जखमी.

"वृद्ध काढ."

"मग काय टाकू?"

"वय टाक. चौसष्ट. वृद्ध की आणखी काय, ते वाचणारा ठरवेल."

"आणि भरधाव?"

"भरधाव राहू दे. ते खरं आहे."

बातमी चार ओळींची आली. चुकीचं तिच्यात काही नव्हतं. पण अपघात का झाला, हे तिच्यात नव्हतं, कारण ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. इतरांना मात्र माहीत होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, नातेवाइकांना माहीत होतं, इंदूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला तर पूर्ण माहीत होतं. वय झालं आणि वेग सोडवत नाही, हे ते कारण. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची बेरीज करून काढलेलं उत्तर खरं असेलच असं नाही.

गाडीबद्दल सांगायला हवं. निवृत्तीनंतर घेतलेली ती लांबच्या प्रवासाची मोटारसायकल होती. पुढे उंच काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पाठ सरळ राहील अशी बैठक. त्याआधीची सगळी वर्षं मी जुन्या बुलेटवर काढली होती. खकनारच्या तहसील कचेरीत बैठक असो की तापीला पूर असो, जायचं बुलेटवरच. ती सत्तरच्या पुढे गेली की हँडल थरथरायचं, आरशात काही दिसेनासं व्हायचं, दात वाजायचे. गाडीच सांगायची, आता पुरे.

नवी गाडी काहीच सांगत नाही. तिचा मोह आवाजात नाही, शांततेत आहे. नव्वदला काचेमागे वारा लागत नाही. शंभरला हात थरथरत नाहीत. काट्याकडे पाहिलं नाही तर एकशे दहाला वाटतं की आपण सत्तरवर आहोत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला जवानीची हौस आली. हौस आहे, ती नाकारत नाही. पण निवृत्त माणसाला दिवसभर सगळे हळू करायला सांगतात. जिना हळू उतरा, हळू बोला, जेवण हळू. एक रस्ता असा असतो जिथे हे सांगणारं कोणी बरोबर नसतं. तिथे मी हळू जात नव्हतो. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही.

बरोबर एक जण असायचा. खकनार रस्त्यावरच्या एका गावातला केळी-उत्पादक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या मुलांनी शेती हातात घेतली तसं त्याने गाडीचं हँडल हातात घेतलं. रविवारी सकाळी बऱ्हाणपूरच्या शनवारा चौकात पोहे खायचे आणि निघायचं. मी पुढे, तो मागे. तो वेगात कमी नव्हता, पण पुढे जायचा नाही. "मला तुमची पाठ बघत चालवायला बरं वाटतं, भाऊ," म्हणायचा. "पडले तर उचलायला कोणी पाहिजे."

त्या रविवारी त्याला उचलावं लागलं.

इच्छापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी आहे. केळीचं रान डांबराच्या अगदी कडेपर्यंत येतं आणि माणसाहून दुप्पट उंच असतं. त्यातून बाहेर येणारी शेतवाट शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अशाच एका वाटेतून ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं. मागे ट्रॉली होती. मी ब्रेक मारला. गाडीने एक हिसका दिला, इंजिन ओरडलं, पण हवी तशी ती थांबेना. हँडल वळवून मी ट्रॅक्टरच्या पुढून निघालो, डांबर सुटलं, मातीत चाक घसरलं आणि मी बांधावरच्या ढिगात जाऊन पडलो. घड कापून झाल्यावर केळीचे खांब तोडून बांधावर टाकतात, त्याचा तो ढीग होता. ओला, मऊ, चिकट. जगलो तो त्याच्यामुळे. त्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. तो शर्ट नंतर फेकावा लागला.

मित्र धावत आला. "काय भो, जिवंत आहे का?"

"आहे."

"हात हलवा. पाय हलवा. बोटं किती?" त्याने तीन बोटं दाखवली.

"तीन. डावा हात हलत नाही."

ट्रॅक्टरवाला उतरून उभा होता, पांढरा फटक पडून. मित्राने त्याला पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ बसला. मग त्याने तो प्रश्न विचारला.

"भाऊ, ब्रेक का नाही मारला?"

"मारला की."

"नाही मारला. मी मागे होतो. तुमचा लाल दिवा लागलाच नाही."

"पूर्ण जोराने मारला."

"मग दिवा?"

मी मान वळवून आडव्या पडलेल्या गाडीकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मुलगा इंदूरहून आला. माझ्या हाताला झोळी बांधलेली होती. त्याने आधी ती पाहिली, मग अंगणात उभी केलेली गाडी पाहिली. गाडीला एक आरसा आणि एक पेटी सोडली तर फारसं काही झालं नव्हतं. त्याचा त्याला राग आला असावा.

"पप्पा, सीरियसली. चौसष्टाव्या वर्षी एकशे दहा? कोण चालवतं असं?"

"मी."

"मजाक नका करू. आता बस. गाडी विकू आपण. मी ऑनलाइन टाकतो, आठवड्यात जाईल."

"गाडी माझी आहे."

"आणि तुम्ही कोणाचे आहात?"

हा प्रश्न चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याचं उत्तर देण्याऐवजी मी म्हटलं की अपघाताचं कारण कळल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही. तो आईकडे वळला. "मम्मी, तू सांग."

माझी पत्नी बऱ्हाणपूरच्याच लालबाग भागातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. आमच्या घरात दोन बाजू ऐकून न घेता निकाल लागत नाही. ती म्हणाली, "आधी हाड जुळू दे. मग मी सांगेन. मी जे सांगेन ते दोघांनी ऐकायचं. आहे कबूल?"

मुलाने मान हलवली. मलाही हलवावी लागली. गाडी राहणार की जाणार, हे त्या दिवसापासून तिच्या हातात गेलं.

पुढचे दिवस मी खुर्चीत बसून काढले. दोन साक्षीदार समोर होते. एक म्हणत होता ब्रेक मारला, दुसरा म्हणत होता मारला नाही. दोघं प्रामाणिक होते. अशा वेळी कोण खोटं बोलतं ते शोधत बसण्यात अर्थ नसतो. दोघं कशाबद्दल बोलत आहेत ते तपासायचं असतं. मेकॅनिककडून ब्रेक तपासून घेतला, दिवा तपासून घेतला. दोन्ही उत्तम होते.

मित्र खबर घ्यायला आला तेव्हा तो कंटाळून म्हणाला, "असं करू. तुम्ही खुर्चीवर गाडीसारखे बसा. मी ट्रॅक्टर."

"तू ट्रॅक्टर?"

"दिसायला तसाच आहे ना."

मी बसलो. तो समोर उभा राहिला आणि पिकाचे बाजारभाव, पाहुण्यांची लग्नं, असलं काहीबाही बोलत राहिला. मग मध्येच हात पसरून ओरडला, "ट्रॅक्टर!"

माझा डावा पाय फरशीवर जोरात आपटला. उजव्या पायाचा चवडा वर उचलला गेला.

पत्नी चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि दोन्ही पायांकडे पाहिलं. "पुन्हा करा," ती म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

जुन्या बुलेटला पायाचा ब्रेक डाव्या बाजूला होता आणि गिअर उजव्या बाजूला. उजव्या पायाने दांडी वर उचलली की गिअर खाली यायचा. आताच्या सगळ्या गाड्यांना याच्या उलट आहे. रोजच्या चालवण्यात हे मी कधीच शिकून घेतलं होतं, चूक होत नसे. पण रोजच्या चालवण्यात पायाला विचार करायला वेळ असतो. ट्रॅक्टर दिसला तेव्हा वेळ नव्हता, आणि पायाने बुलेटचं काम केलं. डावा पाय ज्यावर आदळला तो गिअर होता, म्हणूनच इंजिन ओरडलं. उजवा पाय ब्रेकची पट्टी खालून वर उचलू पाहत होता. हाताच्या पुढच्या ब्रेकला आम्ही त्या काळचे लोक सहसा हात लावत नसू. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, हे आम्हाला गाडी शिकवतानाच सांगितलेलं. म्हणून दिवा लागला नाही.

मित्र म्हणाला, "म्हणजे भाऊ, तुम्ही बुलेटला ब्रेक मारला."

"हो."

"बुलेट कुठे आहे?"

"विकून किती वर्षं झाली."

"मग ती कशी थांबेल?" आणि तो इतका हसला की चहा सांडला. त्याची पहिली गाडी आजच्यासारखीच होती, डावा गिअर, उजवा ब्रेक. या चुकीपासून तो जन्मभर सुरक्षित होता आणि त्याचा त्याला त्या दिवसापासून गर्व झाला.

मुलाला फोनवर सगळं सांगितलं.

"तेच तर म्हणून राहिलो ना मी, पप्पा. रिफ्लेक्स गेले तुमचे."

"गेले नाहीत. आहेत. ट्रॅक्टर दिसला त्या क्षणी पाय आदळला. फक्त ते दुसऱ्या गाडीचे आहेत."

"फरक काय पडतो?"

"गेलेलं परत येत नाही. चुकीचं शिकलेलं बदलता येतं."

"या वयात?"

"बघू."

मग तिकडून म्हणाला, "गाडी मी टाकली आहे ऑनलाइन. भुसावळचा एक जण बघायला येणार आहे. मम्मी हो म्हणाली तर त्याला देऊ."

हाड जुळलं. डॉक्टरांनी झोळी काढली, मग हलका व्यायाम दिला, मग एक दिवस म्हणाले, आता करा काय करायचं ते. ते असं बोलायला नको होतं, असं पत्नी नंतर म्हणाली.

केळीच्या मंडीचं मैदान सकाळी गाड्यांनी भरलेलं असतं आणि दुपारी रिकामं. परवानगी मित्राने मिळवली. त्याचा माल तिथे वर्षानुवर्षं जातो. मी वीस-पंचवीसच्या वेगाने सरळ जायचं, तो मागे उभा राहणार, मनाला येईल तेव्हा ओरडणार. मग लाल दिवा लागला की नाही ते सांगणार. हाताचा आणि पायाचा ब्रेक दोन्ही एकाच वेळी, हाही नियम केला.

पहिल्या दिवशी दिवा एकदा लागायचा, एकदा नाही.

"नाही लागला!" तो ओरडायचा. "बुलेट थांबली, ही चालली!"

हमाल सावलीत पडून बघायचे. एकाने मित्राला विचारलं, "बाबूजी को गाडी सिखा रहे क्या?" मित्र म्हणाला, "हां. लायसन बनाना है इनका." मी ऐकून घेतलं. दुपारच्या उन्हात लोखंडी पत्र्यांच्या शेडांमधल्या त्या मैदानात मी वेग परत मिळवायला जात होतो, मान-सन्मानासाठी नव्हे. रोज जात राहिलो. कंटाळा यायचा. पायाच्या घोट्याला सूज यायची. हळूहळू डावा पाय गप्प राहायला शिकला. वेग चाळीसवर नेला तरी दिवा लागू लागला. एका दुपारी मित्राने ओरडायचं थांबवलं आणि शिट्टी, टाळी, काहीही करू लागला. दिवा लागत राहिला.

भुसावळचा माणूस रविवारी चार वाजता येणार होता. मुलगा शनिवारीच आला. रविवारी दुपारी पत्नी म्हणाली, "चला तुमच्या मंडीत. मला बघू द्या."

ती मित्राच्या शेजारी उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन, उन्हाकडे डोळे बारीक करून. मुलगा जरा लांब उभा होता. मी फेऱ्या मारल्या. मित्राने हाका दिल्या. प्रत्येक वेळी गाडी थांबली. शेवटी ती म्हणाली, "बरं. झालं. चला घरी."

मी हुश्श केलं. परीक्षा संपली होती. हात सैल सोडून फाटकाकडे निघालो. तिच्या पायाशी फळं भरायचं एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट पडलं होतं. मी शेजारून जात असताना तिने ते उचललं आणि काही न बोलता चाकापुढे फेकलं.

गाडी कॅरेटच्या हातभर अलीकडे थांबली.

"लागला?" तिने मित्राला विचारलं.

"लागला, वहिनी. लाल भडक."

"मम्मी!" मुलगा ओरडला. "असं कोणी फेकतं का? पडले असते ना ते!"

"इथे पडले असते तर गुडघा फुटला असता," ती म्हणाली. "हाक येणार आहे हे माहीत असलं की पाय तयारच असतो. रस्त्यावर ट्रॅक्टरवाला हाक मारून येतो का?" मग माझ्याकडे वळली. "पण हे चाळीसला. तिथे एकशे दहा होता."

"पाय तोच आहे."

"ट्रॅक्टरही तोच आहे. आणि केळीही तेवढीच उंच आहे. एवढ्या वेगात पाय बरोबर पडला असता तरी थांबली असती का गाडी?"

खोटं बोलता आलं असतं. "नसती. अजून जरा लांब थांबली असती."

"मग?"

"केळी असेल तिथे साठ. शेतवाटेतून कोण येतंय ते दिसत नाही, तिथे वेग ठेवणं मूर्खपणा आहे. मोकळं असेल तिथे मात्र मी आकडा कबूल करणार नाही."

"पप्पा, ऐंशी म्हणा ना," मुलगा म्हणाला. "फक्त ऐंशी. म्हणून टाका."

"म्हणून टाकीन आणि पाळणार नाही. त्यापेक्षा म्हणत नाही."

पत्नीने कॅरेट उचलून जागेवर ठेवलं. परत जाताना ती मुलाच्या गाडीत बसली.

भुसावळचा माणूस वेळेवर आला. पस्तिशीचा असेल. गाडीभोवती फिरला, खाली वाकून साखळी पाहिली, टाकीवर तळवा ठेवला. त्याला ती आवडली होती, ते दिसत होतं. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मुलाने आईकडे पाहिलं.

"तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं," पत्नी त्याला म्हणाली. "गाडी विकायची नाही. बसा, पोहे खाऊन जा."

"अहो, पण फोनवर तर…"

"फोनवर याचं म्हणणं होतं. हे माझं."

तो पोहे खाऊन गेला. मुलगा रात्रीच इंदूरला निघाला. निघताना त्याने आईला विचारलं, "तुला टेन्शन नाही येत?"

"येतं," ती म्हणाली. "ते पुरात बातमी आणायला जायचे तेव्हाही यायचं. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, म्हणून मी बघितलं आणि ठरवलं. आता मी ठरवलंय, तर तू टेन्शनचा जप करू नको."

पुढच्या रविवारी मी आणि मित्र इच्छापूरच्या रस्त्याने गेलो. केळीच्या रानात साठ ठेवला. मागून एक बस आली, हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेली. तिला जाऊ दिलं. बांधावरचा तो खांबांचा ढीग वाळून बसका झाला होता. मित्राने तिथे वेग कमी करून हात जोडले, मी नाही. पुढे केळी संपते आणि कपाशीची शेतं लागतात. दोन्हीकडे नजर लांबवर जाते, शेतातला माणूसही दिसतो. तिथे मूठ पिळली.

परत येऊन हात धूत होतो तेव्हा मुलाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता त्याने विचारलं, "किती?"

"केळीत साठ."

"आणि नंतर?"

"एकशे पाच."

 वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, "त्या तुटलेल्या आरशाच्या जागी नवा लावला का? नसेल तर मी इथून पाठवतो. आरशाशिवाय नका जाऊ."